सासूबाईंना हलवण्याचा बेत

पैलवान नुसता नावाचा, अंगाने अगदी काडी. वारा सुटला की तो खिशात वजन टाकून बाहेर पडतो, अशी त्याचीच माणसं त्याची टिंगल करायची. पण लोकांची बिऱ्हाडं हलवायचा त्याचा धंदा होता आणि त्या धंद्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. भलंमोठं कपाट अरुंद जिन्यातून तो असं उतरवायचा की भिंतीच्या रंगालाही पत्ता लागू नये. हे ताकदीचं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आरशाचं कपाट जिन्याच्या वळणावर अडकवून बघावं. तिथे ताकद काही कामाची नाही. कुठून काढायचं, कुठे टेकवायचं, कोणी पुढे राहायचं आणि कोणी गप्प राहायचं, हे आधी ठरवावं लागतं. त्यातलं शेवटचं सगळ्यात अवघड.

घरी मात्र पैलवानाचं काही चालत नसे. घरी सासूबाई होत्या.

सासूबाईंनी उभी हयात बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेली. आवाजाला खालची पट्टी ठाऊकच नाही. स्वयंपाकघरात दोन माणसं जमली की त्या "पुढे सरका, पुढे सरका" म्हणायच्या. जावई आरशासमोर जरा जास्त रेंगाळला की "चला, मागचे खोळंबलेत." नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. जावयाबद्दल त्यांचं मत बरं की वाईट, हे पैलवानाला लग्नापासून आजतागायत कळलं नव्हतं आणि विचारायची त्याची छाती नव्हती.

या बाईंनी वर्षानुवर्षं देवळांच्या गावाला जाणाऱ्या गाडीवर तिकिटं फाडली होती. दुनियेला तिथे पोचवलं, पण स्वतः एक देऊळ पाहिलं नाही. गाडी स्टँडला लागली की चूळ भरायची, चहा घ्यायचा आणि परतीची घंटी. देवळांचे कळस तेवढे स्टँडच्या छपरापलीकडे दिसायचे. एकदा टीव्हीवर ते गाव दाखवत होते, तेव्हा सासूबाई नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "खालून कशी दिसत असतील कोण जाणे."

बायकोने पैलवानाकडे पाहिलं. पैलवानाने मान डोलावली. ठरलं.

अडचण एकच होती, ती म्हणजे गुडघे. चालणं बेताचं ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बेताचं म्हणजे किती हे सांगितलं नव्हतं. ते सांगत नसतातच. पण पैलवान कामाला लागला. त्याने गावातली निम्मीअधिक देवळं बेतातून काढून टाकली, कारण ती टेकाडावर होती. राहायची जागा लिफ्ट असलेली आणि मोठ्या देवळाच्या जवळची पाहिली. पहिल्या दिवशी एक देऊळ, दुपारी झोप, संध्याकाळी नदीकाठी नुसतं बसणं. दुसऱ्या दिवशी दोन देवळं आणि परत. कुठे बाक आहेत, कुठे सावली आहे, गाडी कुठपर्यंत जाते, सगळं त्याने फोनवर विचारून घेतलं. शिवाय धंद्यातली एक अक्कल वापरली. एवढ्या मोठ्या देवळात तेलाचे डबे आणि धान्याची पोती रोज कुठून तरी आत जात असणार. आणि जिथून ढकलगाडी जाते तिथे पायऱ्या नसतात!

इतकं सगळं डोळ्यांत तेल घालून केलं आणि तोंडाने घात केला.

त्याचं असं झालं की तिथला एक गाडीवाला त्याच्या ओळखीचा निघाला. पैलवान त्याच्याशी फोनवर बोलत होता आणि कामाची गोष्ट तो कामाच्याच भाषेत बोलायचा. दुसरी भाषा त्याला येत नव्हती.

"एकच नग आहे हो. पण वजनदार आणि नाजूक, दोन्ही. आडवा नाही करायचा, उभाच न्यायचा. मधे मधे टेकवावा लागेल... हां, खालून जरा डुगडुगतो, तेवढं सांभाळा... समोरून नकोच. मागच्या दाराने, पोती जातात ना, तिथून घेऊ... जुना आहे, पण मजबूत. असे आता बनत नाहीत."

त्याने फोन ठेवला आणि वळला. दारात सासूबाई उभ्या होत्या.

"कुणाचं कपाट?" त्यांनी विचारलं.

पैलवानाला खोटं बोलता आलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण त्याला तेही येत नव्हतं.

"आई, ते आपलं... तुमचंच चाललं होतं."

"माझं कपाट?"

"नाही. तुम्ही."

सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी डुगडुगते? मला पोत्यांच्या दाराने नेणार? मी कुठेही येत नाही. तुम्ही आणि तुमचा तो गाडीवाला, जा दोघं!" आणि खोलीचं दार असं आपटलं की शेजारच्यांनी टीव्ही बंद केला.

"वजनदार म्हणालात आईला?" बायकोने विचारलं.

मग सुरू झाली मनधरणी. पैलवान म्हणाला, आपण समोरच्या दाराने जाऊ. सासूबाई म्हणाल्या, तिथे गर्दी असते. गर्दी नसलेला दिवस काढला, तर त्यांना परगावचं पाणी मानवेना. पाणी घरून न्यायचं ठरलं, तर टीव्हीवर सगळं दिसतंच की! बायकोने कपाळाला हात लावला. "आईचा राग तुम्हाला माहीत आहे. राहू द्या आता," ती म्हणाली.

पैलवान मात्र विचारात पडला. हा राग नव्हता. सासूबाईंचा राग त्याने भरपूर खाल्ला होता. तो एका बैठकीत संपायचा. बिऱ्हाड हलवायला गेलं की काही माणसं अशीच करतात. आज दिवस बरा नाही, उद्या दोर बरा नाही. कारणं ढीगभर सांगतात आणि खरं एकच असतं, ते पोटात ठेवतात.

ते त्याला एका दुपारी दिसलं. दोर विसरला म्हणून तो अवेळी घरी आला. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. पाठीवर ओझं नसलं की त्याच्या पायांचा आवाज होत नसे. खालच्या वळणावरून त्याने वर पाहिलं तर दार उघडं, आणि सासूबाई जिन्याच्या तोंडाशी. खांद्याला बाहेर जायची पिशवी. एका हाताने कठडा आवळून धरलेला. एक पाऊल खाली जायचं, हवेतच थांबायचं, माघारी यायचं. पुन्हा खाली, पुन्हा माघारी. पहिल्यांदा काचेचं कपाट उचलणाऱ्या नवख्या माणसाचा असतो तसा चेहरा.

पैलवान जागच्या जागी थिजला. बाई थंडीपासून खाली उतरलेल्याच नाहीत, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. भाजीची पिशवी त्या खिडकीतून दोरीने वर घ्यायच्या. डॉक्टर वर यायचे. "खाली काय ठेवलंय? धूळ," असं त्या म्हणायच्या आणि घरातले सगळे हसायचे. तोही हसला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"कोण आहे तिकडे?" सासूबाईंचा आवाज आला.

"मी."

"केव्हापासून?"

"आत्ताच."

"खरं बोला."

"बराच वेळ, आई."

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. "हसा आता," त्या म्हणाल्या.

"हसण्यासारखं काय आहे?"

"नाही कसं? जन्मभर चालत्या गाडीत उभी राहिले. कशालाही न धरता, दोन्ही हातांनी तिकिटं फाडत. आणि हा मेला जिना जागचा हलत नाही, तरी माझी पाचावर धारण बसते." त्यांनी खाली, मधल्या वळणाकडे बोट केलं. "थंडीत त्या वळणावर पाय सटकला. बसकण मारली, एवढंच. हाडं शाबूत राहिली, पण धीर गेला. कुणाला सांगितलं नाही. तुम्ही सांगाल घरात?"

"नाही."

पैलवान वर आला आणि त्यांच्या पायाशी पायरीवर टेकला. असलं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो कठड्याकडे बघून बोलला.

"आई, मी तुम्हाला नग म्हणालो ते चुकलंच. पण खरं सांगू? माणसांची काळजी कशी घेतात ते मला नीटसं येत नाही. सामानाची येते. जी येते तीच घ्यायला गेलो."

सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्याकडे असं सावकाश कधी पाहिलं नव्हतं.

"मग घ्या की," त्या म्हणाल्या. "बसलात काय?"

पैलवानाने घरातून एक खुर्ची आणून मधल्या वळणावर ठेवली. मग सासूबाईंकडे तोंड करून तो दोन पायऱ्या खाली उभा राहिला.

"खालचा माणूस नेहमी उलटा उतरतो. नजर सामानावर. हात माझ्या खांद्यांवर ठेवा, मी कोपरं धरतो. आणि सामानाने बोलायचं नसतं."

"तो नियम तुमच्या कपाटांना सांगा."

पहिली पायरी झाली. सासूबाईंची बोटं त्याच्या खांद्यांत रुतली. दुसऱ्या पायरीवर त्या अडल्या. डोळे मिटून घेतले. आता ह्या परत फिरणार आणि मग कधीच उतरणार नाहीत, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"तुमच्या मागे कोण बघतंय?"

"कोणी नाही."

"कोणी नाही? उलटं चाललात आणि मागे कोणी नाही?"

"मी नेहमी असाच..."

"नेहमीचं मला सांगू नका! रिव्हर्स घेताना मागे माणूस लागतो. एवढी मोठी गाडी मी कितीदा मागे घालायला लावलीय." आणि त्यांनी त्याच्या खांद्यावरून खाली नजर टाकली. आवाज आपोआप जुन्या पट्टीत चढला. "हं, येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे कुणाची सायकल आहे, अंग चोरा... येऊ द्या... थांबा! पायरीचा कोपरा फुटलाय. सावकाश. हं, येऊ द्या!"

दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. "काय झालं हो?" शेजारणीने विचारलं.

"आत व्हा, गाडी मागे येतेय," सासूबाई गरजल्या.

तो जिना पैलवानाला डोळे मिटून पाठ होता. तो फुटका कोपराही एका लोखंडी पलंगाने त्याच्याच हातून फुटला होता. तरी तो दर पायरीला "बरं झालं सांगितलंत" म्हणत होता. आयुष्यात त्याने इतकं सामान उतरवलं, पण आजवर एकाही कपाटाने त्याला पुढची पायरी कशी आहे ते सांगितलं नव्हतं. त्याला एकदम भरून आलं. उतरताना डोळे पुसायला हात मोकळे नसतात, म्हणून त्याने नाक ओढून घेतलं.

"सर्दी झालीय का?" सासूबाईंनी विचारलं. "येऊ द्या, येऊ द्या."

जिथे त्यांचा पाय सटकला होता ते वळण आलं. "वळण आहे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि खुर्चीशेजारून पुढे निघाल्या. स्वतःचे पाय कुठे पडताहेत हे त्या कधीच्या विसरल्या होत्या.

खाली रस्त्यावर ऊन पडलं होतं. पैलवानाने धावत जाऊन खुर्ची आणली आणि फुटपाथवर टेकवली. सासूबाई बसल्या. समोरून बस गेली, तिच्याकडे त्यांनी ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. दुपारच्या झोपेतून उठलेली बायको वरच्या खिडकीतून ओरडली, "आई? तू खाली?"

"जरा वेळाने चढू हळूहळू," पैलवान म्हणाला.

"घाई काय आहे? थंडीपासून वरच होते." सासूबाईंनी पाय लांब केले. मग त्या विचारात पडल्या. "त्या देवळांना पायऱ्या आहेत?"

"मागच्या दाराने नाहीत. पण एका देवळाला आहेत थोड्या. दुसरी वाटच नाही. तेवढ्या असाच उलटा उतरेन."

"गर्दी असते तिथे."

"असते."

"आणि तुमच्या मागे बघायला कोण?"

पैलवानाने खरोखरच विचार केला. "तिथला एखादा माणूस बघावा लागेल."

"वा! म्हणजे कुणा नवख्याच्या भरवशावर तुम्ही उलटे चालणार, आणि मी इथे जिवाला घोर लावून बसू?" सासूबाईंनी पिशवी खांद्याला अडकवली. "मग मला यायलाच हवं."