शर्वाणी गेली तेव्हाचा केर

डब्लिनच्या ओंगार उपनगरातल्या त्या गल्लीत डॉ. नीलिमा वर्तकांशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. नाशिकहून आलेल्या या बाईंनी इथल्या सरकारी हॉस्पिटलात भूल देता देता भल्याभल्या सर्जनना गप्प बसवलं होतं. परमुलखात टिकायचं तर आवाज खणखणीत हवा, असं त्यांचं मत. आणि आवाज तर काय, देवानं भरभरून दिला होता!

पण लेक शर्वाणी अमेरिकेत पिट्सबर्गला निघाली आणि बाई धास्तावल्या. इथल्याच मेनूथच्या विद्यापीठात इतिहास शिकलेली ही पोर आता तिकडच्या पोलाद कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांवर संशोधन करणार होती. आईचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र अस्सल डब्लिनी इंग्रजीत.

"भट्टीपाशी आधी आयरिश राबले," ती सांगत होती, "मग स्लोव्हाक आले, पोलिश आले. आयरिशांनी त्यांना नावं ठेवली, त्यांनी पुढच्यांना ठेवली. प्रत्येकाची गल्ली वेगळी, चर्च वेगळं, गुत्तासुद्धा वेगळा."

"म्हणजे आपली इथली मंडळंच की गं, ज्याचं त्याचं वेगळं! आणि त्यातले परत किती आले?"

शर्वाणीनं विषय बदलला. तेच तर दुखणं होतं. लेक परत यायला हवी, एवढंच नीलिमाताईंचं मागणं. स्वतः त्या दोन वर्षांसाठी म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या, म्हणून तर भीती जास्त.

शेजारच्या आयरिश ब्रिजीआजींची आत्या नोरा फार पूर्वी पिट्सबर्गलाच गेलेली, एका कारखानदाराच्या घरी धुणीभांडी करायला. आजी म्हणाल्या, "निघायच्या आदल्या दिवशी अख्खं गाव जमायचं. नाच, गाणी, आणि मयताला रडतात तसं रडणं. गेलेलं माणूस पुन्हा कुठलं दिसायला! शर्वाणीसाठी करू या का तसं?"

"काहीतरीच काय! जिवंत पोरीचं सुतक पाळता? मी बटाटेवडे करते. खा आणि हसा."

सगळे खाऊन, हसून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नीलिमाताईंनी लेकीच्या तळहातावर दही घातलं. त्यांचा नवरा विनय लेकीला गाडीतून विमानतळावर घेऊन गेला. दार लागलं. मदतीला आलेल्या ब्रिजीआजींनी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि आदल्या दिवशी सांडलेली शेव लोटायला वाकल्या.

"ठेवा तो खाली!"

भूल दिलेला पेशंट उठून बसावा असा तो आवाज. आजींच्या हातून झाडू पडलाच.

"माणूस बाहेर पडलं की लगेच केर काढत नाहीत आमच्यात," नीलिमाताई जरा नरमल्या. "तसं मयत नेल्यावर करतात. माणूस सुखरूप पोचू दे, मग काढायचा."

ब्रिजीआजी खुर्चीत बसल्या. "नोरा निघाली आणि माझ्या आजीनं तासाभरात घर लख्ख झाडलं, असं वडील सांगायचे. नोरा कधीच आली नाही."

सकाळपासून दाबून धरलेलं रडं नीलिमाताईंना तेव्हा फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडल्या. मग आजींनीच चहा केला आणि पायाखाली शेव कुरकुरत असताना दोघींनी तो प्यायला. दिवसभर झाडूला कुणी हात लावला नाही. विमानतळावरून परतलेला विनयही पसारा ओलांडून फिरत राहिला.

संध्याकाळी फोन वाजला. शर्वाणी पोचली होती. आणि काय नवल, पोर चक्क मराठीत बोलली.

"आई, केर काढला नाहीस ना?"

"नाही गं बाई! तुला यायचंय ना परत?"

"हो, म्हणून तर विचारलं."