जिभाऊंची गिरमिटं

होळीला माझ्या कमरेला भोपळे वाजले, ते लोणखेड्याच्या जिभाऊंमुळे. हे आधीच सांगून टाकतो. मागून सांगायला गेलो तर राहून जाईल, अशी मला उगाच भीती वाटते.

जिभाऊंना लाकडाला भोकं पाडायची, हाताने फिरवायची जुनी गिरमिटं जमवायचा नाद. केळीचे बागायतदार, पण भंगारवाला दिसला की हातातला चहा टाकून धावायचे. दोरीने ओढायचं, छातीने रेटायचं, दात्यांच्या चाकाचं, अशी गिरमिटं ओसरीवर टांगलेली. प्रत्येकाला नाव. कुरकुरणारं ते ‘सासूबाई’, वाटेल तिकडे सरकणारं ते ‘जावई’.

नुसतं जमवून बसतील तर ते जिभाऊ कसले! आणलेलं गिरमिट चालवून बघायचंच. त्यामुळे त्या घरात लाटणं, पोळपाट, नातवाची बॅट, सगळ्यांना भोकं. त्यांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. त्या म्हणायच्या, “मन्हा कान सोनारनी टोचात म्हनीसन बरं, नही ते यासनी जावईच लावता!”

नववीत शाळा सोडून मी डोंगरातून त्यांच्या शेजारच्या फर्निचरच्या दुकानात कामाला आलो होतो. जिभाऊंच्या ओसरीवर मला चहा मिळे, गप्पा मिळत. गिरमिट मात्र नाही. “फक्त देखानं. हात लावानं नही!”

त्या वर्षी आई माझ्यासाठी नवस बोलली. होळीत मी बुध्या व्हायचं; मोरपिसांचा टोप, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला वाळके भोपळे बांधून नाचायचं. भोपळे तिनेच छपरावर वाळवून जीपने पाठवले. दोरी ओवायची भोकं मात्र ज्याचा नवस त्यानेच पाडायची, अशी आमच्या घरची रीत. दुकानातल्या विजेच्या ड्रिलखाली पहिलाच भोपळा तडकला. उरले दोन. तेही गेले तर नवीन वाळणार कधी? रडकुंडीला येऊन मी ते जिभाऊंपुढे नेऊन ठेवले.

जिभाऊंनी आधी भिंतीवरच्या दुधीवर जावई चालवून पाहिला. जावई सरकला, दुधी फाटला, ओसरीभर बिया.

“अहो, बियानासाठे ठेयेल व्हता तो!” बाई ओरडल्या.

“मंग बियाच ते निंघन्यात ना!” म्हणत त्यांनी सासूबाई उतरवली आणि माझा भोपळा ओढला.

“जिभाऊ, मलाच पाडावं लागतं.”

त्यांनी गिरमिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शेवटी बाईंकडे.

“आते द्या ना! तो काय खाई जाई का?” बाई म्हणाल्या.

“ले,” जिभाऊ म्हणाले. “हाई सासूबाई शे. कुरकुर करस, पन घर फोडत नही.”

जावळ काढायला नातू धरावा तसा भोपळा मांडीत धरून ते बसले. मी चाक फिरवू लागलो. भुसा त्यांच्या धोतरावर पडत होता.

“दम ले रे,” ते कुजबुजले, “मन्हा बी दम अडकना!”

भोकं पडली. भोपळे शाबूत राहिले. होळीला मी नाचलो.

आता मी वापीला कंपनीत आहे. सुट्टीचा अर्ज लिहितो आणि खिशातच ठेवतो. जिभाऊंनी आमची होळी अजून पाहिलेली नाही. परवा फोनवर विचारत होते, “वर डोंगरमा जीप जास का रे, का माले टांगी लई जाशी?”

जाते, जिभाऊ. माणसं टपावर बसतात, मागे लोंबकळतात, पण एका होळीला मी तुम्हाला न्यायला येणार. त्या जीपची पुढची सीट अख्खी तुमची. मी मागे लोंबकळेन.