दोन कार्डांचा कॅमेरा

हिमायतनगरच्या एका लग्नात मी मंगलाष्टकांची तयारी कॅमेऱ्यात टिपत होते, तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गलका झाला. नवरीच्या वडिलांचा थोरला भाऊ आला होता. बांधाच्या भांडणावरून दोघे कितीतरी वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. नवरीचे वडील पुढे झाले, थोरल्याच्या पायाशी वाकले. त्यानं त्यांना उठवून गच्च मिठी मारली. मी धावले. पाच फोटो पटापट काढले. सहाव्याला कॅमेरा अडला. कार्ड वाचता येत नाही, अशी ओळ स्क्रीनवर आली.

माझा तो नवशिक्यांसाठीचा डीएसएलआर. एकच कार्ड बसायचं त्यात. सकाळपासूनची हळद, चुडा, सगळं त्या एका कार्डावर होतं. काढून पुन्हा घातलं, तर ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारून राहिला. चुकून हो म्हटलं असतं तर सगळंच पुसलं गेलं असतं. मी कार्ड बाहेर काढलं, पर्समध्ये ठेवलं, दुसरं घातलं आणि उरलेलं लग्न टिपलं.

पंगती उठल्यावर नवरीच्या वडिलांना बाजूला घेतलं.

“काका, सकाळचे फोटो कार्डात अडकलेत. निघतील का, सांगता येत नाही.”

“भावाचा बी?”

“हाव. तो बी.”

ते म्हणाले, “आता काय, त्याला परत रुसायला लावू?” आणि पाहुण्यांकडे निघून गेले. ते हसले की चिडले, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी निलंग्याला घरी न जाता मी लातूरला उतरले. कार्डातलं परत काढून देणारा एक जण माहीत होता.

“यावर नंतर काही काढलं तर न्हाई ना?” त्यानं विचारलं.

“एकही नाही.”

“मग बसा.”

कॉम्प्युटरवरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. मधेच नवरीच्या वडिलांचा फोन आला. “चालू हाय, काका,” एवढंच बोलता आलं. दुपारी पडद्यावर हळदीचे हात दिसले, मग चुडा. मिठीच्या पाचांपैकी दोन आले. एकाचा खालचा अर्धा भाग नुसता राखाडी. दुसरा पूर्ण होता, थोरल्याचे मिटलेले डोळे दिसत होते. मी तो तिथूनच काकांच्या मोबाईलवर पाठवला. त्यांनी पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

तिथून उठले ती सरळ कॅमेऱ्याच्या दुकानात गेले.

“ताई, आता डीएसएलआर कोण घेतंय? हा मिररलेस बघा.” दुकानदारानं नवाकोरा कॅमेरा हातात दिला. हलका, चेहरा आपोआप पकडणारा. जीव गुंतला माझा.

“कार्डं किती बसतात?”

“एकच. पण कार्ड चांगलं वापरलं की काही होत न्हाई.”

“काल झालं.”

त्यानं आतून एक वापरलेला, वरच्या दर्जाचा डीएसएलआर आणला. जड, कडा झिजलेल्या. माझ्या दोन्ही लेन्स त्याला बसल्या. दोन कार्डं, आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर. मी दहा फोटो काढले, एक कार्ड बाहेर घेतलं, दुसऱ्यावर सगळे आहेत का ते पाहिलं. होते.

“जुना आहे. शटर गेलं तर?”

“सहा महिन्यांत काही झालं तर माझ्याकडं या. पुढचं मी सांगू शकत न्हाई.”

मिररलेस काउंटरवर तसाच पडला होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि जुना घेतला.

त्या आठवड्यात नांदेडला लग्न होतं. सवय नसलेल्या बटणांवर बोट चुकलं आणि अक्षतांची पहिली उधळण हातातून गेली. नंतरचं सगळं मिळालं. परतताना एक कार्ड पर्समध्ये, एक ब्लाउजच्या आत ठेवून बसमध्ये बसले. तरी निलंगा येईपर्यंत चारदा चाचपून पाहिलं.