बाबांच्या डोळ्यांचा दाखला

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बाबांचं लायसन्स संपायला आठ दिवस उरले होते आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रिन्यू करायला ठाण्याला जायचं, त्याआधी डोळे तपासून डॉक्टरांचा दाखला आणायचा. बाबा साठी ओलांडलेले, रिटायर्ड. गिरगाव सोडून भाईंदरला आल्यापासून स्कूटर हाच त्यांचा रुबाब. "इतकी वर्षं गाडी चालवतोय, मला कोण तपासणार?" म्हणत ते रोज टाळायचे.

शेवटी वैतागून मीच फॉर्म उचलला आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. घरच्या डॉक्टरांची सही म्हणजे आमच्याकडे हक्काचीच. त्यांनी विचारलं, "काका कुठायत?"

"त्यांना काय झालंय? सही करा ना, मला घाई आहे."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, 'दृष्टी उत्तम' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

दाखला पर्समध्ये टाकून मी घराकडे, जवळच्या मोरवा गावाच्या रस्त्याला लागले. भर दुपार होती. समोरून बाबांची स्कूटर येताना दिसली. मी हात हलवला, त्यांना थांबवायला दोन पावलं पुढेही गेले. त्यांनी कचकन ब्रेक दाबला आणि थेट माझ्या तोंडाकडे बघून खेकसले, "ओ बाई, मरायचंय का? व्हा बाजूला!"

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी पर्स घट्ट धरून मुकाट बाजूला झाले.