गयाबाईंना येलदरीला कुणी पाठवलं

ज्या गोष्टीसाठी मला शाल मिळाली, नारळ मिळाला, बैलगाडीतून माझी मिरवणूक निघाली, ती खरी कशी घडली हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, कचेरीत नाही. तुम्हाला सांगतो — कारण तुम्ही त्या मिरवणुकीत नव्हता.

आधी चांगलं सांगतो. चांगलं पुष्कळ आहे, आणि ते सांगताना माझी छाती अजून फुगते. तेही कबुलीतच धरा.

मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. परभणीला. माझी ख्याती एकच — बंदोबस्त. लग्न असो, बदली झालेल्या साहेबाचं सामान असो, मंत्र्यांचा दौरा असो, लोक म्हणतात, ‘ह्यांच्याकडे सोपवा.’ सकाळी चहाच्या आधी मी दिवसाची कामं लिहून काढतो आणि रात्री त्यातलं एकही उरलेलं नसतं. असा माणूस.

दुष्काळ सरून एक पावसाळा बरा गेला होता, तेव्हाची गोष्ट. विधिमंडळाची समिती जिल्ह्यात यायची होती. आमच्या खात्याचा कारभार उघडा चालतो का, हे तिला तपासायचं होतं. पाणीपाळीची तारीख गावात आधी कळते का? तक्रार कुणी ऐकतं का? आणि मुख्य म्हणजे, कालव्याच्या शेवटच्या गावाला, शेपटाला, पाणी पोचतं का?

साहेब म्हणाले, “तुम्ही बघा सगळं.”

मी बघितलं. रस्त्यावरच्या चावड्यांवर पाणीपाळीचे फलक लावले — त्याच आठवड्यात. रंग ओला होता, म्हणून जीपगाड्या जरा लांब थांबवायच्या असं ड्रायव्हरांना सांगून ठेवलं. समितीपुढे बोलायला शेतकरी मी निवडले. सगळे कालव्याच्या तोंडाकडचे, सगळ्यांचा ऊस उभा, सगळे समाधानी. कुणी सांगितलं होतं का मला असं निवडायला? नाही. तोंडानं कुणीच सांगितलं नव्हतं.

शेपटाला पाणी का नाही, याचं उत्तर साहेबांनी ठरवलं होतं — दुष्काळानंतर धरण अजून भरलेलं नाही. ते मीच टाईप केलं. धरण भरलेलं होतं, हे साहेबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पाणी वरच्या उसात मुरत होतं आणि त्या उसाच्या मालकांपुढे आमची कचेरी तोंड उघडत नव्हती. म्हणून येलदरीचं धरण मी दौऱ्यातून वगळलं. लांब आहे, रस्ता खराब आहे, वडीलधाऱ्या सभासदांना त्रास होईल. समितीला पटलं. माझं सगळ्यांना पटतंच.

राहिल्या फक्त गयाबाई.

ताडकळसच्या पलीकडे, शेपटाच्या गावात त्यांची जमीन. नवरा पूर्णा जंक्शनला रेल्वेत गँगमन, शेती बाईच बघायच्या. त्या हिवाळ्यात गहू ओंबीवर आला होता आणि एका पाण्यासाठी अडला होता. एक पाळी मिळाली तर गहू, नाही तर गुरांना चारा. त्या कचेरीत यायच्या, दारातून “जय भीम, भाऊसाहेब” म्हणायच्या आणि विचारायच्या, पाळी कधी? मी सांगायचो, साहेब दौऱ्यावर आहेत. बऱ्याचदा साहेब आत असायचे. कधी कधी त्यांचा खोकलाही ऐकू यायचा.

समितीच्या आदल्या दिवशी बाई आल्या.

“भाऊसाहेब, कमिटी कुटं बसनार हाय? मला बोलायचंय.”

आणि मी — इथं माझी लेखणी अडते. अडली तरी लिहितो — मी म्हणालो, “येलदरीला. धरणाच्या डाकबंगल्यावर. उद्या दुपारी.”

“येलदरी? लय लांब हाय की.”

“लांब आहे. पहिल्या गाडीनं निघा.”

समिती परभणीतच बसणार होती. आमच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर. बाईंचा दिवस बसमध्ये जाईल, संध्याकाळी परत येतील तोवर समिती पुढच्या जिल्ह्याला गेलेली असेल, असा माझा बंदोबस्त. एखादा पाटील विचारायला आला असता, तर त्याला मी असं धाडलं असतं का? नसतं. त्याला खुर्ची दिली असती.

पण सगळं आखणाऱ्या माझ्या डोक्यात एक गोष्ट आली नाही, की येलदरीला धरण आहे. हसा. मी गाड्यांच्या वेळा बघितल्या, अंतर बघितलं. तिथं उतरल्यावर बाईंना समोर काय दिसेल, याचा विचारच केला नाही.

सभा छान चालली. उसाचे मालक छान बोलले. साहेबांनी धरण न भरल्याचं सांगितलं, सभासदांनी मान डोलावली. अध्यक्ष कोकणातले, वयस्कर, मोजकं बोलणारे. “एकंदरीत समाधानकारक,” म्हणत त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी चहावाल्याला खूण केली.

तेवढ्यात दारात मासळीचा वास आला. मागून गयाबाई.

डाकबंगल्याच्या खानसाम्यानं त्यांना खरं सांगितलं होतं आणि परतीची बस नव्हती, म्हणून त्या येलदरीची मासळी परभणीला आणणाऱ्या ट्रकमध्ये चढल्या होत्या. बर्फाच्या पाण्यानं लुगडं भिजलेलं. पुढच्या रांगेत रुमाल नाकाला लागले. कोकणातल्या अध्यक्षांना त्या वासाचं काहीच वाटलं नाही. ते म्हणाले, “या बाई. बोला.”

बाई बोलल्या. माझ्या निवडलेल्या सगळ्या वक्त्यांपेक्षा कमी बोलल्या.

“सायेब, मी आत्ता धरनावरून यायले. पार काठाला लागलंय पानी. पल्ल्याड नजर ठरंना. मग आमच्या गावाला ते का येईना गेलंय, तेवढं सांगा. मी बसते.”

आणि त्या खरंच खाली बसल्या.

साहेबांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही. अध्यक्षांनी टोपण काढलं. “बाई, तुम्हाला धरणावर कुणी पाठवलं?”

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. “ह्या भाऊसाहेबांनी धाडलं.”

अध्यक्ष उठले — माझ्याकडे चालत आले — आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, “खात्यात अशी माणसं असतील तर आमची गरज उरणार नाही.” त्यांना वाटलं, साहेबांचं खोटं उघडं पाडायला मीच साक्षीदार पाठवला. एक वाक्य पुरलं असतं — ‘मी यांना टाळायला पाठवलं होतं.’ आलं होतं ते ओठांवर? खरं सांगू? नाही आलं. मी हात जोडले आणि मान खाली घातली. नम्र माणूस घालतो तशी.

दुसऱ्या दिवशी समितीनं पुढचा दौरा थांबवून धरण बघितलं. वरच्या उसाकडे पाणी वळवणारी कालव्याची दारं तिच्यासमोर बंद झाली, कुलपं लागली. आणि पाणी निघालं! कालव्याच्या काठानं माणसं पाण्याच्या पुढे पळत होती, पालापाचोळा हातानं ओढून वाट करत होती. शेपटाच्या गावात पाणी शिरलं तेव्हा जो ओरडा उठला, तसा मी ना लग्नात ऐकला ना निवडणुकीत. गयाबाई वहाणा हातात घेऊन शेताकडे जाणाऱ्या चारीत उतरल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. त्यांचा गहू वाचला. गावातल्या सगळ्यांचाच वाचला. तेव्हापासून दर पाळीचा फलक आधी लागतो आणि तक्रारी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचल्या जातात. ते काम मी चोख करतो. त्यात खोट नाही.

साहेबांची बदली झाली. जाताना म्हणाले, “तुमच्यात एवढं धाडस असेल असं वाटलं नव्हतं.” त्यांच्या रागातसुद्धा माझा मान होता.

मग गावानं बोलावलं. गाडी, हलगी, शाल. जेवताना गयाबाई स्वतः वाढत होत्या. म्हणाल्या, “येलदरीला उतरले तवा तुमाला लय शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. म्हनलं, फसवलं मेल्यानं. मग धरन बगितलं आन् उमगलं — नोकरीवाला मानूस, उघड कसं सांगंल?” आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. त्याच गव्हाची. मी खाल्ली.

त्यांचा पहिला अंदाज बरोबर होता. तो चुकला असं त्यांना वाटू देणारा मी.

ताडकळसच्या बाजारात त्या अजून भेटतात. सोबत कुणी नवखं असलं तर त्याला थांबवून सांगतात, “हेच ते भाऊसाहेब. ह्यांनी मला येलदरीला धाडलं म्हनून गावाला पानी आलं.” तो माणूस मला नमस्कार करतो. मी नमस्कार घेतो. गेल्या बाजारालाही घेतला.