लिनच्या आईच्या हाताखाली

शनिवारी दुपारी मी लिनच्या घरून परत आले की माझा नवरा मिलिंद दारातच विचारायचा, "आज काय?" त्याला डब्यात काय आणलंय ते हवं असायचं. डबा बहुतेक वेळा रिकामाच, कारण केलेलं सगळं आम्ही तिथेच खाऊन टाकलेलं असायचं! मग मी त्याला डब्याऐवजी किस्सा द्यायचे. पदार्थ मोजकेच शिकले, किस्से मात्र साठतच गेले. आता घरी पाहुणे आले की मिलिंद म्हणतो, "सुजाता, तो मंचुरियनचा सांग ना!" पाहुणे बिचारे जेवायला आलेले असतात.

आम्ही अमेरिकेत, मॉरिसव्हिलला टाउनहाउसमध्ये राहतो. आमच्या भिंतीला भिंत लागून लिनचं घर. लिन चाळिशीची, सिचुआनची, एका औषध कंपनीत डेटाचं काम करायची. तिच्या हातचं घरगुती चायनीज खाऊन मी एकदा म्हटलं, "मला शिकव ना यार!" तर म्हणाली, "मी शिकले आईकडून. माझ्याकडून घेशील तर ते सेकंड हँड. मार्चमध्ये ओरिजिनलच येतेय सहा महिन्यांसाठी, तिच्याकडूनच शिक."

ओरिजिनल आली. बुटकी, सडपातळ, केस पांढरेशुभ्र, आणि हातात तिकडून बॅगेत घालून आणलेली तिची स्वतःची रुंद पात्याची सुरी. इंग्लिश शून्य. मधे भाषांतराला लिन. विद्यार्थिनी दोन : मी, आणि मुलाकडे राहायला आलेल्या मालवणच्या सामंत काकू.

* * *

पहिल्याच दिवशी मी वाकून नमस्कार केला आणि सवयीने म्हटलं, "मावशी, कशा आहात?"

त्यांचा चेहरा कोरा. लिन सिंककडे तोंड करून उभी, पण तिचे खांदे हलत होते.

"काय झालं गं?"

"काही नाही... आमच्या भाषेत 'माओ' म्हणजे मांजर."

"अय्या, आमच्याकडेही लहान मुलं माऊच म्हणतात!"

"आणि 'शी' म्हणजे..."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही!

मग काय म्हणायचं? लिन म्हणाली, तिकडे आईच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. सामंत काकूंनी चष्मा वर केला. "म्हणजे मावशीला आई म्हणायचं? बरं आहे की!" तेव्हापासून त्या आम्हा सगळ्यांच्या आयी.

घोटाळा झाला तो नागपूरला. एकदा माझी आई व्हिडिओ कॉलवर होती, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. मी कढईकडे बघत विचारलं, "आयी, मीठ पुरे?"

फोनमधून आवाज आला, "मला काय विचारतेस बाई! मला इथून कढई तरी दिसते का?"

* * *

आता मंचुरियनचा.

गुरुदक्षिणा म्हणून आपणही काही करून न्यावं, असं माझ्या मनात आलं. नागपूरला कॉलेजात असताना रस्त्यावरच्या गाडीवर आम्ही चायनीज खायचो, तेव्हापासून माझा हात मंचुरियनवर बसलेला. कोबी किसला, गोळे तळले, सोया सॉस, लसूण, आलं, हिरवी मिरची, सगळं दणकून. वर कांद्याची पात. भांडं आयींच्या पुढे ठेवलं आणि लिनला म्हटलं, "सांग त्यांना, आमच्या गावी चायनीज असं करतात."

लिनने एक गोळा तोंडात टाकला आणि आईला काहीतरी सांगितलं. आयींनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला रस लावून घेतला. मग मान डोलावून बरंच काही बोलल्या. मी उतावीळ, "काय म्हणतात?"

"म्हणतेय, भारतीय जेवण तिने आज पहिल्यांदा खाल्लं. फार आवडलं!"

* * *

मिलिंद सॉफ्टवेअरवाला. त्याला 'अंदाजे' या शब्दाचा त्रास होतो. एका शनिवारी तोही आला, किचन स्केल घेऊन. आयी मीठ टाकणार, तेवढ्यात याने वाडगं स्केलवर ठेवलं. आयींनी वाडगं उचललं, स्केल बाजूला सरकवला, वाडगं परत ठेवलं आणि मीठ टाकलं. त्यांना वाटलं, याला ते ठेवायला जागा मिळत नाहीये!

"किती टाकलं?" मिलिंदने विचारलं.

लिन म्हणाली, "लागेल तेवढं."

"बरं, सुक्या मिरच्या तेलात किती वेळ परतायच्या?"

"आवाज बदलेपर्यंत."

मिलिंदने खिशातून फोन काढून कढईजवळ धरला आणि आवाज रेकॉर्ड केला!

दुसऱ्या दिवशी घरी त्याने बटाट्याची भाजी करायला घेतली, आयींसारखी, बारीक लांब कापून. तेल तापलं, मिरच्या पडल्या, आणि शेजारी फोनवर कालचं रेकॉर्डिंग सुरू. चुर्र चुर्र. हा दोन्हीकडे कान लावून उभा. इतक्यात फोनमधून आयी ओरडल्या, "हाओ ल!" म्हणजे झालं, पुरे. मिलिंदने दचकून गॅस बंद केला.

मिरच्या अगदी हव्या तशा झाल्या होत्या. आमच्या घरी आजही मिरच्या त्याच ओरडण्यावर उतरतात.

* * *

सामंत काकूंना सुरुवातीला या प्रकरणात फारसा रस नव्हता. सूनबाई शनिवारीही ऑफिसला जाते, घरात करमत नाही, म्हणून यायच्या. खुर्चीत बसून लसूण सोलायच्या.

एक दिवस आयींनी तव्यावर कसलीशी लालसर, सुरकुतलेली, फुटलेली बोंडं भाजायला टाकली. वास सुटला आणि काकू खुर्चीतून उठल्याच.

"अगं, ही तर तिरफळं!"

मी विदर्भातली, मला तिरफळ ऐकूनच माहीत. काकूंनी डबीतलं एक बोंड उचललं, हुंगलं, म्हणाल्या, "आमची जरा मोठी असतात. बांगड्याच्या आमटीत घालतो आम्ही. ही कुठून आली यांच्याकडे?" लिनने सांगितलं, त्यांच्याकडे याशिवाय जेवणच होत नाही. ते काकूंना पटेना. सरळ मुलाच्या घरी गेल्या आणि फ्रीजरमधली स्वतःची पुडी घेऊन आल्या.

मग दोघी टेबलाशी समोरासमोर बसल्या. आयींनी मालवणचं तिरफळ चावलं, काकूंनी सिचुआनचं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. जरा वेळाने काकूंनी हाताने खूण केली : जीभ गेली कामातून! आयींनीही तीच खूण केली. मग दोघीही हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही.

लिन म्हणाली, "चला, आज पहिल्यांदा मला सुट्टी."

* * *

एप्रिलमध्ये आमच्या मंडळींची बाबासाहेबांची जयंती असते. हॉल घेतो, भाषणं होतात, मुलं नाच बसवतात, आणि प्रत्येक घरून एकेक पदार्थ. त्या वर्षी माझा पदार्थ म्हणजे आयींचे डंपलिंग, कोबी आणि मशरूम भरलेले. माझ्या हातचे त्यांनी वेगळ्या ताटात काढून ठेवले होते. ते उकळीत तोंड उघडतात, म्हणून!

हॉलमध्ये चंद्रपूरच्या एका काकांनी ताटात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि मोठ्याने विचारलं, "या करंज्या तळायच्या सोडून उकडल्या कुणी?"

आयी माझ्या शेजारीच बसल्या होत्या. लिनने भाषांतर केलं. आयींनी उठून काकांच्या ताटात आणखी चार वाढले. तक्रार करणारा माणूस उपाशी आहे, असंच त्या धरून चालतात.

काकांनी चारही संपवले.

* * *

आमची मुलगी मैत्री सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली, आणि तेव्हा नुकतीच व्हेगन झालेली. एका शनिवारी तिला बळेच लिनकडे नेलं. टेबलावर मोठ्या वाडग्यात टोफू, लाल रस्सा, वाफ येतेय.

मैत्रीने विचारलं, "लिन आंटी, इज देअर मीट इन धिस?"

लिनने आईला विचारलं. आयींनी जोरात मान हलवली. "नाही, नाही, मांस नाही!"

मैत्रीने चमच्याने ढवळलं. "देन व्हॉट्स धिस?"

"ते पोर्क आहे."

"पण..."

"ते खाण्यासाठी नाही," लिन गंभीरपणे भाषांतर करत होती, "ते चवीसाठी आहे."

मैत्रीने चमचा हळूच खाली ठेवला. आयींनी काळजीने विचारलं, "हिला काय झालंय? डॉक्टरने बंद केलंय?" लिनने सांगितलं, हिने स्वतःच ठरवलंय. आयी तिच्याकडे खूप वेळ बघत राहिल्या. त्या दिवशी तिला साधा भात आणि काकडी मिळाली.

पुढच्या शनिवारी आयींनी तिच्यासाठी नवीन पॅन आणून ठेवला होता. वाळवलेले मशरूम भिजवून, बारीक चिरून, त्याच मसाल्यात परतलेले, वर टोफू. वाडगं तिच्यापुढे ठेवून आयी स्वतः इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "वी-गन!" आठवडाभर लिनने पाठ करून घेतलेला एकच शब्द.

मैत्रीने तीन वाडगी खाल्ली. परत येताना म्हणते, "मम्मा, शी रिअली गेट्स मी."

मी म्हटलं, "अगं, आणि इतकी वर्षं मी पिठलं-भाकरी करतेय ते काय होतं?"

* * *

आता एकच राहिला. हा किस्सा मिलिंद पाहुण्यांसमोर सांगायला लावत नाही.

जुलैत लिनची नोकरी गेली. अख्खी टीमच काढली. ती तडक घरी आली, पण स्वतःच्या नाही, माझ्या दारात. उभी राहिली आणि म्हणाली, "आईला सांगू नकोस." लिनचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आणि हिच्या नोकरीचा आईला केवढा अभिमान! "तिला झोप लागणार नाही. आणि ती जागी आहे हे कळलं की मलाही नाही. दुसरं काही मिळालं की सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिन नेहमीसारखी बॅग घेऊन निघाली. आयींनी दारात उभं राहून हात हलवला. लिनने गाडी काढली, वळसा घातला, क्लब हाउसमागे पार्क केली आणि मागच्या गवतातून चालत आमच्या पॅटिओच्या दाराशी आली. मी घरूनच काम करते. मी वरच्या खोलीत, ती खाली डायनिंग टेबलवर, अर्ज भरत. संध्याकाळी पुन्हा गवतातून जाऊन गाडी घेऊन समोरून घरी. आयी विचारायच्या, काम कसं झालं? ही म्हणायची, ठीक.

असं रोज. दुपारी आम्ही दोघी आयींनी भरून दिलेला तिचा डबा वाटून खायचो. वर भात-भाजी, खाली गरम सूप. माझं वरण-पोळीही असायचं, पण लिनचा हात त्या डब्याकडेच जायचा.

सगळ्यात अवघड होती ती भिंत. आमचं डायनिंग टेबल आणि तिच्या घरचा ओटा, मधे एकच भिंत. सकाळी अकराच्या सुमारास पलीकडून आयींची सुरी चालू व्हायची. टक टक टक टक. लिनची बोटं कीबोर्डवर थांबायची. "आलं चिरतेय," ती म्हणायची. किंवा, "आज बांबूचे कोंब." एकदा इंटरव्ह्यू चालू असताना पलीकडे सुरी सुरू झाली. मी जिन्यात उभी होते. लिन एकेक वाक्य नीट बोलत होती, आणि डोळे भिंतीवर. तिथून नकार आला. त्यानंतर आणखी दोन ठिकाणांहून. त्या दिवसांत ती बोलायचीच कमी. मी चहा ठेवायचे, तो तसाच राहायचा.

ऑगस्टमधली गोष्ट. दुपारी मी खाली आले तर लिन डबा उघडून बसलेली, जेवत मात्र नव्हती. डबा रोजच्यापेक्षा मोठा होता. भात दोघींना पुरेल एवढा. वरच्या कप्प्यात नॅपकिनची गुंडाळी, ती तिने सोडली होती. आत एक चॉपस्टिकची जोडी आणि एक काटा.

मला चॉपस्टिक धरता येत नाहीत. आयींनी चार महिने प्रयत्न करून नाद सोडला होता.

लिनने काटा उचलला, हातात फिरवला, परत ठेवला. पलीकडे सुरीचा आवाज नव्हता. मग तिने डबा होता तसा बंद केला, उठली आणि म्हणाली, "तूही चल."

या वेळी आम्ही पुढच्या दाराने गेलो. लिनने बेल दाबायला हात उचलला, तोवर दार उघडलंच. आयी अ‍ॅप्रनमध्ये. त्यांनी लिनकडे पाहिलं, हातातल्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डबा लिनच्या हातातून काढून घेतला आणि आत वळताना एकच वाक्य बोलल्या.

लिन तिथेच उभी. भाषांतर करायचंही तिला सुचेना.

"लिन, काय म्हणाल्या?"

तिने उंबऱ्यावरच चपला काढल्या.

"म्हणतेय, उद्यापासून दोघी इथेच जेवायला या. तिकडे नेईपर्यंत सूप निवतं."