बारीक आवाजाचा कागद

कितीही घाई असो, आमचा नावाडी आधी वल्हं पाण्यात उभं धरायचा, मुठीला कान लावायचा आणि म्हणायचा, "थांबा सायेब, पानी काय म्हनतंय बगू." मग खोली सांगायचा. ती सहसा चुकत नसे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. धरणात नुकतंच पाणी अडलं होतं. उथळ फुगवट्यात मासे शोधायला कोणता ट्रान्सड्यूसर बरा, हे ठरवायचं काम सोलापूरच्या आमच्या कार्यालयाकडे आलं आणि हा नावाडी आम्हाला मिळाला. ट्रान्सड्यूसर म्हणजे पाण्यात सोडायची डबी. तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. तळाला आपटून परतला की यंत्रातल्या कागदावर काळी रेघ उमटते. आमची डबी दोन आवाज काढायची. जाड आवाज फैलावतो, उथळ पाण्यात तळ पुसट करतो, अरुंद खड्डा चुकवतो. बारीक आवाज सरळ खाली जातो. दर जागी दोन्ही कागद घेऊन फाइलला जोडायचे, हा माझा नियम.

माझ्या याद्यांची त्याला भारी गंमत. भाकरी सोडताना विचारायचा, "यादीत भूक लिवलीय न्हवं?"

शेवटच्या दिवशी त्याने यादीत नसलेल्या जागी नाव थांबवली. म्हणाला, खाली आमचं गाव हाय, आमची हीर हाय. गाव सोडताना जो तो दारांच्या चौकटीसुद्धा उपटून नेत होता. त्याचा थोरला भाऊ विहिरीतलं इंजिन सोडवायला उतरला. हा चौकटी बैलगाडीत भरून पुढे गेला. पाणी रातोरात चढलं. भाऊ परतला नाही. वहिनी अजून कुंकू लावते, म्हणाला, रोज विचारते.

मी यंत्र लावलं. जाड आवाजाच्या कागदावर सपाट तळ. बारीक आवाजाची रेघ एकाएकी खोल गेली, आणि त्या खड्ड्यात एक तिरपी काळी खूण.

"त्यो हाय का?"

"पाइप असेल, फांदी असेल. काहीतरी आहे एवढंच यंत्र सांगतं, कोण ते नाही."

त्याने वल्हं पाण्यातून वर घेतलं. मग म्हणाला, "वैनीला दावाया त्यो सपाट कागद द्या."

नियम मोडून मी तो फाडून दिला.

महिन्याभराने त्याला भेटायला त्यांच्या नवीन वसाहतीत गेलो. त्याची वहिनी दारात आली, कपाळभर कुंकू. तिने चहा ठेवला. भावजी केम स्टेशनला जाऊन रेल्वेत बसले, म्हणाली. कुठं उतरले ते कळवलं नाही.

"यंतरानं सांगितलं न्हवं, हिरीत कुनी न्हाई. मग म्याच म्हनलं, भावजी, हुडकून आना त्येन्ला."

"ते काही बोलले नाहीत?"

"न्हाई की. मुकाट्यानं पिशवी उचलली."

दुसरा, बारीक आवाजाचा कागद माझ्या बॅगेत होता. मी चहा संपवला आणि उठलो. ती म्हणाली, "आता येतील दोगं बी."